कोथिंबीर, पाहा : सांबार

सरांच्या तोंडून मी पहिल्यांदा जे वाक्य ऐकलं ते "कुठं बसते?" हे. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला किती वेळा विचारला याचा हिशेब मी ठेवला नाही. ठेवला असता तर मला यवतमाळातून थेट नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

झालं असं की ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचा प्रवेश घेऊन, पावती हातात धरून मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. विभागप्रमुखांना भेटायचं होतं. आत एक उंच, काटकुळा माणूस कानामागे पेन्सिल खोचून, रंगाऱ्याच्या ब्रशने पुस्तकांच्या माथ्यावरची धूळ झाडत होता. मला तो शिपाई वाटला. मी विचारलं, "सर कुठे बसतात?"

तो माणूस वळून म्हणाला, "कोण कुठं बसते, थे तूच सांगाचं. त्यासाठीच आली ना इथं?"

ते सर होते. त्यांनी पावतीकडे पाहिलंही नाही. टेबलावरचं एक फाटकं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे कुठं बसते?"

ज्यांनी हा धंदा केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला विषयाप्रमाणे एक अंक असतो. शेती म्हटली की सहाशे तीस, ग्रंथालयशास्त्र म्हटलं की शून्य वीस. त्या अंकाप्रमाणे पुस्तक फळीवर आपल्या जागी ठेवायचं, याला आमच्यात 'बसवणं' म्हणतात. तर ते फाटकं पुस्तक होतं गुरांच्या आजारांवरचं, कोणा गावठी वैद्याने स्वखर्चाने छापलेलं. मी वणीला बी. लिब. करून आले होते, मला वाटलं हे काय अवघड. मी ऐटीत सांगितलं, "सहाशे छत्तीस. पशुपालन."

सरांनी पुस्तक उलटं केलं. शेवटची चाळीस पानं त्या वैद्याने आपल्या साडूबद्दल लिहिली होती. साडूने बैल कसा फसवून नेला, लग्नात कसा अपमान केला, सासऱ्याचे कान कसे भरले, सगळं तपशीलवार.

"अन् साडू?" सर म्हणाले. "साडू कुठं बसवतं?"

मी म्हटलं, "सर, साडूचं काय? मुख्य विषय गुरं आहे."

"थे तुह्यासाठी. लिहिणाऱ्यासाठी मुख्य विषय साडू आहे. गुरं त्यानं छपाईच्या निमित्तानं घेतले." आणि ते पुन्हा धूळ झाडायला लागले. हे पुस्तक मी तिथून पदवी घेऊन निघेपर्यंत बसलं नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यावर ते ठाण मांडून होतं, आणि दर पंधरा दिवसांनी सर ते माझ्यासमोर सरकवत.

सरांचा दुसरा छळ म्हणजे कार्डं. ग्रंथालयात संगणक आला तेव्हा जुन्या तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची, हजारो कोरी कार्डं शिल्लक राहिली. तळहाताएवढी, जाड, पिवळट. सरांना ती फेकवली नाहीत. ते आयुष्यातलं सगळं त्या कार्डांवर लिहीत. रजेचा अर्ज कार्डावर, प्राचार्यांना उत्तर कार्डावर, भाजीची यादीही कार्डावर. आणि त्यातही नियम. जे अजून ठरलेलं नाही ते पेन्सिलीने, जे पक्कं झालं ते शाईने. त्यांच्या खिशातला शाईचा पेन मी पहिल्या चार महिन्यांत एकदाही बाहेर आलेला पाहिला नाही, कारण त्यांच्या मते जगात फारच थोड्या गोष्टी पक्क्या झालेल्या होत्या.

भाजीच्या यादीचं तर विचारूच नका. एकदा त्यांनी मला बाजारात पिटाळलं. कार्डावर वांगी, मिरची, लिंबू, आणि खाली लिहिलेलं : 'कोथिंबीर, पाहा : सांबार.' मी भाजीवालीपुढे ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "पाह्यतं काय त्यात? हा काय समोर आहे सांबार."

नंतर कळलं ते असं. सरांच्या मिसेस साताऱ्याकडच्या. त्या कोथिंबीर म्हणत. सर यवतमाळचे, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लग्नाला तीस वर्षं होऊनही दोघांपैकी कोणी माघार घेतली नव्हती. मग सरांनी त्यावर धंद्यातला तोडगा काढला होता. आमच्या तालिकेत असं असतं की लोक एखादी गोष्ट एका नावाने शोधतात, पण ग्रंथालयाने नाव दुसरं पक्कं केलेलं असतं. अशा वेळी लोकांच्या नावाखाली एक कार्ड घालायचं आणि त्यावर लिहायचं, 'पाहा' आणि पुढे खरं नाव. म्हणजे शोधणारा चुकत नाही आणि खऱ्या नावाचा मानही राहतो. सरांच्या घरात खरं नाव सांबार होतं. मिसेसच्या नावाला 'पाहा' मिळालं होतं, आणि त्याबद्दल त्या बाईंच्या मनात काय होतं ते मला पुढे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं.

"खरं नाव कोणतं, हे कसं ठरवायचं सर?" मी एकदा विचारलं होतं.

त्यावर सर जे म्हणाले ते त्यांचं आवडतं वाक्य होतं. "कव्हर पाहू नको. कव्हरावर छापणारा काहीही छापते. आतलं पहिलं पान उघड. पुस्तक सोताचं नाव तिथं सांगते. जे नाव त्यानं सोताले देल्लं, थेच खरं. बाकी साऱ्याले पाहा."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ते ठेवलं, आणि ते सरांना महागात पडलं.

आता माझं. मी मुकुटबनची. बाबा शिलाईकाम करतात, आई अंगणवाडीत मदतनीस. आजोबांनी दीक्षा घेतली त्याला आता तिसरी पिढी, आणि घरात पुस्तकाला देवघराएवढा मान. पण मुकुटबनहून यवतमाळ म्हणजे दोन गाड्या बदलून अर्धा दिवस. रोज येणं-जाणं शक्य नाही. वसतिगृहाची यादी माझ्या आधीच संपली. मी मावशीच्या नणंदेकडे, एका खोलीत सात माणसं अशा ठिकाणी, गॅसच्या टाकीला पाय लावून झोपत होते. बाबांनी फोनवर मुदत घालून दिली होती : "पोळ्यापर्यंत पाह्य. खोली भेटली तं ठीक, नाही तं ये वापस. त्या लोकायले किती दिवस तरास द्याचा? इथं मशीनवर बसजो."

म्हणजे पोळ्यापर्यंत खोली, नाहीतर शिलाई मशीन. एवढं साधं गणित होतं.

खोल्या रिकाम्या होत्या. 'मुलींसाठी खोली' अशी पाटी मी नऊ घरांवर पाहिली आणि नऊच्या नऊ घरी गेले. सुरुवात छान व्हायची. ये बेटा, कुठली, काय शिकतेस, वा, ग्रंथालय का, बरं बरं. मग आडनाव. आडनाव ऐकलं की एका घरी अचानक पुतण्याचं लग्न ठरायचं. एका घरी खोली कालच कोणाला तरी सांगून झालेली असायची, पाटी काढायची राहून गेली म्हणे. आणि चार घरी एकच कारण, पाणी. "पाणी नाही व बाई पुरत आम्हालेच." यवतमाळात पाण्याची टंचाई आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ती माझ्या आडनावापाशी जास्त असते हे मला तेव्हा कळलं.

मी हे सगळं सरांना सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? वर्गात आम्ही सहा जण, बाकी पाच जण गावातलेच. मला वाटलं, सर म्हणतील अरेरे, किंवा म्हणतील मी बघतो. सर एका पुस्तकाच्या पाठीवरचा जुना गोंद ब्लेडने खरवडत होते. म्हणाले, "यादी आणली का चाळीस शीर्षकांची?"

"सर, मी खोलीचं सांगतेय."

"ऐकून राह्यलो ना. यादी आणली का?"

मी यादी आपटली. त्यांनी चाळीसपैकी एकतीस अंक पेन्सिलीने खोडले. त्या दिवशी मी ठरवलं होतं की मशीनवर बसणं बरं, निदान कापड विचारत नाही मी कुठं बसतं म्हणून.

पोळ्याला पाच दिवस राहिले असताना सर एकदम उठले आणि म्हणाले, "चाल." रिक्षा करायची नाही, चालत. वाटेत दोन दुकानांच्या पाट्यांवरची चुकीची वेलांटी दाखवायला थांबले, एका कुलूपवाल्याशी किल्ल्यांना क्रमांक कसे द्यावेत यावर वाद घातला. बस स्टँडच्या मागे एका घरापाशी आलो. दारावर पाटी होती. घरमालकीण काकू बाहेर आल्या. जाडजूड, हसऱ्या, हाताला पीठ. सरांना त्या ओळखत होत्या, त्यांचा मुलगा कधीकाळी सरांकडून पुस्तकं न्यायचा.

"गाव?" काकूंनी मला विचारलं.

"मुकुटबन."

"आडनाव?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सर म्हणाले, "शून्य वीस."

"काय?"

"शून्य वीस. हे पोरगी तिथं बसते."

काकूंच्या कपाळावर आठ्या आल्या. शून्य वीस हे काय असतं ते त्यांना माहीत नव्हतं, पण माहीत नाही असं कबूल करायचीही लाज वाटत होती. "म्हणजे... थे तेलंगणाकडले का?"

"साऱ्या जगात आहेत," सर गंभीरपणे म्हणाले. "कमी आहेत, पण साऱ्या जगात आहेत."

"अस्सं," काकू म्हणाल्या, आणि खोलीची किल्ली आणायला आत गेल्या.

परत येताना मी रस्त्यात उभी राहून हसले. सरांना चहा पाजला. बाबांना फोन केला, खोली मिळाली. त्या दिवशी सर मला फार आवडले. हे आवडणं साडेतीन महिने टिकलं.

खोली चांगली होती. खिडकीत कडुनिंब, न्हाणीला कडी, काकूंचा हात सढळ. भरीत केलं की वाटी यायची, मुंगवड्यांची भाजी केली की वाटी यायची. शेजारणींना काकू माझी ओळख करून देत, "आमची शून्यवीसवाली." एकदा मी दारामागून ऐकलं, त्या कोणाला तरी समजावत होत्या, "आपल्यातच येतात व. जराकसे वरचेच म्हण ना." मला हसू आलं. मग मी खोलीत येऊन बसले आणि हसू राहिलं नाही.

कारण मी काय काय करत होते ते बघा. टपाल महाविद्यालयाच्या पत्त्यावर मागवत होते. वह्यांवरचं आडनाव निळ्या कागदाखाली झाकलं होतं. घरच्या भिंतीवरचा फोटो निघताना आईने साडीत गुंडाळून दिला होता, तो पेटीच्या तळाशीच होता. मी रोज ग्रंथालयात जाऊन प्रत्येक वस्तूला तिच्या खऱ्या नावाखाली बसवायला शिकत होते आणि संध्याकाळी येऊन शून्य वीस होत होते. सरांना एकदा म्हटलं, सर, हे मला जड जातंय. ते म्हणाले, "जागा भेटली ना? अभ्यास कर."

डिसेंबरात बाबांचा फोन आला. बटणं, अस्तर, चेन घ्यायला यवतमाळला येतो आहे, येता येता खोली पाहून जातो. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी काकूंचं फाटक डोळ्यापुढे आलं. माझे बाबा कोणाच्याही दारात गेले तर नमस्कार म्हणत नाहीत. खणखणीत 'जय भीम' म्हणतात. पोस्टमनला, डॉक्टरला, कपडे घ्यायला आलेल्या पोलीस पाटलाला, सगळ्यांना. मी फोनवर म्हटलं, "बाबा, इथे फाटकाशी जय भीम म्हणू नका. नुसता नमस्कार म्हणा."

पलीकडे मशीन चालू होतं, ते थांबलं.

"बरं," बाबा म्हणाले.

ते आले. हातात अस्तराची पिशवी. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. "या, या, तुमची पोरगी मोठी हुशार आहे बरं," म्हणाल्या. बाबांनी पिशवी खाली ठेवून हात जोडले. ओठ हलले. पण त्यांच्या तोंडून ना जय भीम आलं, ना नमस्कार. ते हात जोडून तसेच उभे राहिले.

"बोलत नाहीत का व हे?" काकूंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "घसा बसलाय त्यांचा."

बाबा आत आले नाहीत. फाटकातूनच खिडकी पाहिली, मान हलवली. स्टँडवर चहा घेताना म्हणाले, "खोली चांगली आहे. हवा येते." मग कप खाली ठेवून, रागाने नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाले, "त्या बाईले काय म्हणाव, थे सुचलंच नाही मले." गाडी लागली, ते गेले. मी स्टँडवर तोंडाला ओढणी लावून रडले. माझ्या बापाला मी मुकं केलं होतं. एका खोलीसाठी.

माझा राग माझ्यावरच होता, पण तो काढायला सर सोयीचे होते. मी तिथून तडक ग्रंथालयात गेले. सर साडूचं पुस्तक उघडून बसले होते.

"सर, तुमचं शून्य वीस परत घ्या."

"काहून? चांगली बसली ना जागा?"

"तुम्हीच म्हणता ना, कव्हर पाहू नको? आतलं पान पाहा म्हणता? पुस्तक स्वतःचं नाव सांगतं तेच खरं म्हणता? मला त्या दिवशी नाव विचारलं होतं सर. मला. मी सांगणार होते. तुम्ही सांगू दिलं नाही. एका साडूसाठी तुम्ही चार महिने थांबता, आणि मला दोन शब्दांत भलत्याच फळीवर कोंबलंत. आणि आज माझे बाबा..." मग बाबांचं सगळं सांगितलं. घसा बसल्याचंसुद्धा.

सर चुकलं म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत, पाणी दिलं नाही. त्यांनी एक कार्ड घेतलं आणि त्यावर काहीतरी लिहायला लागले. मला वाटलं, भाजीची यादी. मी इतकी चिडले की दार आपटून निघाले, आणि त्या दाराची काच आधीच तडकलेली होती ती पडली. तिचा अर्जही पुढे मलाच कार्डावर लिहावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर काकूंच्या फाटकाशी हजर. मी खोलीतून धावत आले. सरांनी खिशातून कार्ड काढून काकूंच्या हातात दिलं. मी काकूंच्या खांद्यावरून वाचलं. वर होतं 'शून्य वीस'. खाली, 'पाहा :' आणि पुढे माझं नाव. माझं, बाबांचं आणि आडनाव. पूर्ण. काळ्या शाईने.

काकूंनी ते दोनदा वाचलं. "हे काय आहे सर?"

"मी पोरीले चुकीच्या नावाखाली टाकलं होतं," सर म्हणाले. "चूक माही आहे. तिची नाही. खरं नाव हे."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्या माझ्याकडे वळल्या. "चार महिने माह्या हातचं खाल्लं व तू. एवढं सांगता नाही आलं तुले?"

मी विचारलं, "सांगितलं असतं तर दिली असती काकू, खोली?"

त्या खोटं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. कार्ड सरांना परत देऊन, खाली बघत म्हणाल्या, "परीक्षा होईस्तोवर राह्य. फक्त आजूबाजूले सांगू नको कोणाले."

म्हणजे खोली अजूनही होती. खिडकी, कडुनिंब, वाटी, सगळं. फक्त कोणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, "नाही काकू. आता सांगून झालं." आणि पेटी भरायला आत गेले. जाताना त्यांनी डब्यात मुंगवड्या बांधून दिल्या. त्या मी घेतल्या की नाही हे मला खरंच आठवत नाही.

पेटी उचलायचा हट्ट सरांचा. दहा पावलांवर त्यांनी ती खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. हमरस्त्यावर आलो. भर दुपार, हातात सामान, आणि जायचं कुठे ते कोणालाच माहीत नाही. या माणसाने काकूंकडे जाताना पुढचा काडीचा विचार केलेला नव्हता.

"सर, आता?" मी म्हटलं.

"आता कुठं ब..." सरांनी सुरुवात केली, आणि ते थांबले. दोन वर्षांत तेवढा एकदाच त्यांनी तो प्रश्न अर्ध्यात गिळला.

पुढचे अकरा दिवस मी सरांच्या घरी राहिले. पेटी ग्रंथालयात, न बसलेल्या पुस्तकांच्या फळीखाली. तिच्यावर सरांनी पेन्सिलीने चिठ्ठी लावली होती, 'तात्पुरती'. घरी मिसेस मला शेजारी बसवून रोज एक जुडी निवडायला लावत आणि स्वयंपाकघरातून मुद्दाम ओरडत, "कोथिंबीर झाली का गं निवडून?" बाहेरून सर म्हणत, "सांबार!" आणि मी तीस वर्षांच्या भांडणात मधोमध, मुंडी खाली घालून देठ तोडत बसलेली. बाबांना मी सगळं सांगितलं होतं. पोळा कधीच होऊन गेला होता, पण त्यांनी परत ये म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "मशीन कुठं जात नाही. पाह्य तू."

मी पुन्हा पाट्या शोधत निघाले. या वेळी दार उघडलं की, कोणी विचारायच्या आधी, मी पूर्ण नाव सांगत होते. पहिल्या दारी पुतण्याचं लग्न निघालं. दुसऱ्या दारी पाणी. तिसरं घर एका गॅरेजच्या मागे होतं. मिस्त्री चाचा आणि त्यांची बायको. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, बाबा काय करतात तेही सांगून टाकलं. चाची कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"झालं का?" त्या म्हणाल्या. "नाव ठीक है बेटा. नळ आठ दिवसातून एकदा येते, पहाटे चारले. उठशील का नाही, थे सांग पहले."

"उठते," मी म्हटलं.

"साऱ्याच उठते म्हणतात," चाची म्हणाल्या आणि किल्ली दिली.

फोटो मी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावला. चाचांनी खिळा ठोकून दिला, वाकडा, पण पक्का.

मार्चात बाबा आले. मी त्यांना फोनवर काहीच सांगितलं नव्हतं, नमस्कार म्हणा नाही की जय भीम म्हणा नाही. ते गॅरेजच्या दाराशी थांबले. पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला झाले. मग त्यांनी असा खणखणीत जय भीम घातला की गाडीखाली झोपून काम करणारा पोऱ्यासुद्धा डोकं बाहेर काढून बघायला लागला.

चाचा फडक्याला हात पुसत पुढे आले. "जय भीम भाऊ. या, बसा."

बाबा बसले. जुन्या टायरवर पाट टाकून दिला होता त्यावर, चांगले दोन तास. गाड्यांच्या सीटची शिलाई कोण चांगली करतं यावर दोघांचं भांडण होईपर्यंत. जाताना त्यांचा घसा खरोखरच बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. सर साडूच्या पुस्तकावर ब्रश फिरवत होते. मी म्हटलं, "सर, काल बाबा आले होते. बसले."

सरांनी ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. फळीखाली, माझी पेटी नेताना सुटलेली 'तात्पुरती'ची चिठ्ठी अजून तिथल्या लाकडाला चिकटून होती, ती त्यांनी नखाने काढून फेकली. मग जुन्या तालिकेचा 'श'चा, म्हणजे शून्य वीसचा, खण ओढला, काकूंनी परत केलेलं ते कार्ड बाहेर काढलं. हात कानामागे गेला, पण पेन्सिल न घेता तसाच परत आला. त्यांनी खिशातून शाईचा पेन काढला.

"पत्ता सांग," म्हणाले.

मी सांगितला. त्यांनी माझ्या नावाखाली तो लिहिला, फुंकर घालून वाळवला आणि कार्ड परत खणात बसवलं. माझे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावरचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"तुह्यं झालं," सर म्हणाले. "आता साडूचं बोल. कुठं बसते?"